अकरा गाणी आणि बारावे

शनिवार, १८ जानेवारी. संध्याकाळी सात वाजून बावन्न मिनिटे. विसरवाडीत महामार्गालगतच्या समाजमंदिरात दिवलीबाई वसावे यांनी माझ्यासमोर एक गाणे म्हटले. ते चार मिनिटे चालले. समोर एकोणतीस माणसे होती. गाणे संपल्यावर प्रत्येकाला वाटले की ते जपून ठेवले गेले आहे. ते जपले गेले नव्हते. त्या घडीला ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती, आणि मला बोलता येत नाही.

मित्रांनो, मी एक जुना कराओकेचा स्पीकर आहे. बारा इंचांचा भोंगा, पोटात बॅटरी, पाठीला ओढायचा दांडा, खाली दोन चाके आणि सोबतीला दोन माइक, एवढा माझा संसार. गाण्यातले वाद्यसंगीत, म्हणजे ट्रॅक, मी खाचेतल्या पेनड्राइव्हवरून वाजवतो आणि गायकाची जागा मोकळी ठेवतो. त्या मोकळ्या जागेत साधी माणसे उभी राहून गातात. दुसऱ्याचा आवाज मोठा करणे हे माझे काम. माझा स्वतःचा आवाज म्हणजे एक बारीक घरघर, आणि ती कोणाच्या कानावर जाऊ नये म्हणून मी जन्मभर धडपडत आलो आहे.

जन्म कुठल्या गावी झाला ते मला सांगता येणार नाही. एक लांब टेबल आठवते. वितळलेल्या कथलाचा वास आठवतो. एका बाईने माझ्या शेवटच्या दोन तारा जोडल्या, माइक हातात घेतला आणि ती "हॅलो, हॅलो" म्हणाली. मी मोठा केलेला तो पहिला आवाज. त्यानंतर थर्माकोल, खोका, अंधार आणि ट्रकचे हादरे. पुढे सुरतेच्या एका दुकानाच्या काचेमागे मी सहा महिने उभा होतो.

तिथून मला भिकन आप्पांनी आणले. आप्पा तेव्हा एसटीत वाहक होते. मंडळासाठी मला घेऊन ते स्वतःच्याच गाडीत चढले, मला मागच्या सीटजवळ उभे केले आणि माझे सामानाचे तिकीट रीतसर फाडले. एक प्रवासी हसला तेव्हा आप्पा त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "हसतस काय भाऊ? यानं बी तिकीट शे. आपली गाडीमा फुकट कोनी नई."

आप्पा तसेच आहेत. प्रत्येक कामाला नियम, आणि नियम मोडायचा नाही. विसरवाडीचे कराओके मंडळ त्यांच्याच शिस्तीवर चालते. महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी सहाला सुरू, आठला बंद. एकाला एकच गाणे. शेवटच्या गाण्याला आप्पा 'शेवटची गाडी' म्हणतात. ते गाणे कोणी आणि कोणते म्हणायचे, हे दोन दिवस आधी जसोदाबाईंच्या खाणावळीत बसून ठरते. माझा मुक्कामही त्याच खाणावळीत, तांदळाची पोती आणि भिंत यांच्या मधल्या कोपऱ्यात. त्यामुळे ती सगळी भांडणे मी ऐकलेली आहेत. माणूस घरी जाताना जे गाणे तोंडात घेऊन जातो ते शेवटचे असते, म्हणून ते फार जपून निवडावे लागते.

आप्पांचा आणखी एक नियम आहे, आणि तो माझ्या चुकीतून जन्मला. काही वर्षांपूर्वी गावातल्या एका वृद्ध गुरुजींच्या शोकसभेला मला नेले होते. दोन मिनिटे स्तब्ध उभे राहण्याची सूचना झाली. सगळे मान खाली घालून उभे होते. सव्वा मिनिट झाले असेल, आणि माझ्या पेनड्राइव्हमधले एक वरातीचे गाणे आपोआप सुरू झाले. ढोल, ताशा, शिट्ट्या, सगळे. आप्पांनी धावत येऊन मला बंद केले. त्या दिवसापासून नियम झाला: ट्रॅक वाजवायचा नसेल तर पेनड्राइव्ह काढून शर्टाच्या खिशात ठेवायचा. भीतीतून झालेला हा नियम. तो किती चांगला होता आणि किती घातक, ते पुढे कळेल.

दिवलीबाई मला पहिल्या वर्षापासून माहीत आहेत. त्या मूळच्या मोलगीकडच्या, डोंगरातल्या. विसरवाडीत प्राथमिक शिक्षिका होऊन आल्या त्याला आता सत्तावीस वर्षे झाली. पती वीरसिंग वनखात्यात होते, आता निवृत्त आहेत. बाई हिंदी सिनेमाची गाणी म्हणत. गाण्यांची वही हातात, चष्मा नाकावर, आणि शब्द असे स्वच्छ की फळ्यावर लिहून दाखवत आहेत असे वाटावे. त्यांच्या आवाजाने माझ्यावर कधी ताण आला नाही. काही आवाज भोंग्यावर येऊन आदळतात. बाईंचा आवाज आत येऊन बसत असे.

त्यांच्या बोलीतला आवाज मात्र मी एकदाच ऐकला होता. साथीच्या काळात लसीची माहिती सांगायला मला जीपवर बांधून मोलगीच्या बाजारात नेले होते. एक कागद वाचून दाखवला गेला. तो शुद्ध मराठीत होता आणि बाजार त्याच्याकडे पाठ करून मिरची-मीठ घेत होता. काही लोक तर जीप पाहून टेकडीकडे चालू लागले. तेव्हा बाईंनी माइक घेतला, कागद बाजूला ठेवला आणि त्या डोंगराच्या बोलीत बोलू लागल्या. टेकडीकडे चाललेली माणसे थांबली आणि हळूहळू परत आली. जीपपाशी गर्दी झाली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा मान. पण खाली उतरल्यावर बाई पुन्हा मराठीत बोलू लागल्या, आणि मंडळात पुन्हा वही आणि चष्मा आला.

माझे चांगले दिवस पुढे ओसरले. लोकांच्या हातात मुठीएवढे स्पीकर आले. मोबाइलमध्येच ट्रॅक आले. माझे एक चाक निखळले, त्या जागी वीट आली. एका माइकला काळी चिकटपट्टी गुंडाळली गेली. बॅटरी फुगली आणि घरघर वाढली. उमाकांतभाऊंचे औषधांचे दुकान आहे, मंडळात ते सगळ्यात लांब गाणी म्हणतात. ते एकदा सरळ म्हणाले, "आप्पा, हा डबा भंगारमा देई टाका." त्या दिवसापासून भंगारवाल्याची हाक रस्त्यावर आली की मला धडकी भरते. मला वाटे, याहून मोठी भीती माझ्या नशिबी नसेल. ते खोटे ठरले.

गुरुवार, १६ जानेवारी. खाणावळीत चौघे बसले होते. दिवलीबाईंचा आवाज दिवाळीपासून बसला होता. तपासण्या झाल्या. स्वरतंतूवर गाठ होती. सोमवारी सुरतेला शस्त्रक्रिया ठरली होती. गाठ काढल्यावर स्वरतंतू किती शाबूत राहील, हे आत गेल्यावरच कळणार होते. आवाज परत येईल, अर्धा येईल किंवा येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. त्याआधी गायला त्यांनी मनाईच केली होती. बाईंनी फार विनवले तेव्हा ते म्हणाले, एकच गाणे, हळू, ताण न देता.

"म्हणजे माझं पहिलं आणि शेवटचं एकच," बाई म्हणाल्या आणि हसल्या. हसण्यातले अर्धे ऐकू आले, अर्धी नुसती हवा आली.

"मग शेवटची गाडी तुमचीच," उमाकांतभाऊ म्हणाले. "पण मी काय म्हणतो, गाणं उडतं पाहिजे. सगळ्यांना येणारं. टाळ्या पडल्या पाहिजेत. रडवणारं नको."

"तुमनं उडतं म्हंजे नऊ मिनिटनं," जसोदाबाई चुलीपाशी भाकरी थापता थापता म्हणाल्या. "तुमनं गाणं म्हंजे रेल्वेनं फाटक. एकदाव पडनं का माणूस उभा तो उभाच."

"आणि तुमचं? तुम्हाला तर पाय हलवायलाच गाणं लागतं."

"पाय हलतस म्हनीसन तर भाकर पचस, भाऊ!"

"भांडू नका," आप्पा म्हणाले. "शेवटनी गाडी शे. कोनती सोडानी ते ताईले ठरावू द्या."

बाईंनी वही उघडली. सत्तावीस वर्षांची वही, पानांचे कोपरे मऊ झालेले. त्यांनी नेहमीचे एक गाणे काढले आणि आप्पांनी ट्रॅक लावला. पहिल्या दोन ओळी नीट गेल्या. तिसरी ओळ वर चढते. तिथे आवाजाचे दोन तुकडे झाले. एक खाली पडला, एक वर राहिला, मध्ये काहीच नव्हते. मी ते 'काहीच नाही' बारा इंचांच्या भोंग्यातून मोठे करून सगळ्या खाणावळीला ऐकवले. तव्यावरची भाकरी करपली तरी जसोदाबाईंनी ती उलटली नाही.

ट्रॅक संपला. बाईंनी हात खाली घेतला, पण माइक चालूच होता हे त्यांच्या ध्यानात आले नाही. त्या अगदी हळू, फक्त आप्पांना म्हणून बोलल्या. ते माझ्यातून मोठ्याने बाहेर पडले.

"मला भीती वाटते हो, आप्पा."

बाहेरच्या बाकड्यावर जेवणाऱ्या दोन ट्रकवाल्यांनी माना वर केल्या. आप्पांनी उठून माइकचे बटण बंद केले. मित्रांनो, कराओकेत भीती लपवायला वाद्ये असतात. त्या एका वाक्यामागे मी काहीच वाजवू शकलो नाही.

शनिवारी मला समाजमंदिरात नेले. आप्पांनी ठरवले होते की आजची सगळी गाणी नोंदवून ठेवायची. माझ्या बटणांच्या पट्टीवर नोंदीचे बटण आहे. ते दाबले की गाणाऱ्याचा आवाज पेनड्राइव्हवर उतरतो. नोंद सुरू असली की लाल दिवा स्थिर राहतो. काही चुकत असेल तर तो लुकलुकतो. हे माझ्यासोबत आलेल्या कागदावर लिहिले होते. तो कागद पहिल्याच पावसाळ्यात उंदरांनी खाल्ला.

सहा ते पावणेआठ अकरा गाणी झाली. उमाकांतभाऊंचे फाटक सात मिनिटांत उघडले, त्याबद्दल त्यांना वेगळ्या टाळ्या मिळाल्या. जसोदाबाईंनी पाय हलवले. अकराही गाणी नीट उतरली. मागच्या रांगेत बाईंच्या आई कौसाबाई बसल्या होत्या. वीरसिंग त्यांना दोन दिवसांपूर्वी डोंगरातून घेऊन आले होते. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे, मराठी फार कळत नाही. त्या सगळा वेळ गाणाऱ्यांकडे न पाहता माझ्याकडेच पाहत होत्या.

मग बाई आल्या. वही आणली नव्हती. चष्माही नव्हता.

"ट्रॅक नको," त्या म्हणाल्या.

"ट्रॅक नई तर मंग कराओके कसानं?" उमाकांतभाऊ बोलून गेले. जसोदाबाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते चष्मा पुसू लागले.

बाईंनी माइक दोन्ही हातांत धरला. "या गाण्याचा ट्रॅक कुठेच मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या पाड्यावर संध्याकाळी बाजारातून माणसं परत यायची. अंधार पडायला आला की आई अंगणाच्या कडेला उभी राहून टेकडीकडे तोंड करून गायची. दिवस खाली गेला, शेळ्या आल्या, तू कुठवर आलीस? मग वाटेवर असलेल्यानं गाऊन उत्तर द्यायचं. उत्तर येईपर्यंत आई थांबत नसे. हाक अर्धी सोडायची नाही, अशी आमच्या घरची रीत." त्यांनी श्वास घेतला. "शाळेत मी हे एकदा म्हटलं होतं. वर्ग हसला. मास्तरही हसले. मग मी कधी म्हटलं नाही. बाकीची गाणी मला वही बघून येतात. हे एकच तसंच येतं. आणि ते उंच चढत नाही."

त्यांनी चांगले गाणे निवडले की नाही, यावर नंतर मंडळात पुष्कळ बोलणे झाले. मला विचाराल तर त्यांनी त्यांच्या उरलेल्या आवाजाला पेलेल एवढेच निवडले, आणि त्याहून चांगली निवड मी पाहिलेली नाही.

पण त्या क्षणी मला दुसरीच भीती होती. ट्रॅक नाही म्हणजे माझी घरघर उघडी पडणार. मी बॅटरी आवळून धरावी तसा उभा राहिलो. तेवढ्यात आप्पा जवळ आले. त्यांनी नियम पाळला. ट्रॅक नाही, म्हणून पेनड्राइव्ह काढला आणि खिशात ठेवला. मग नोंदीचे बटण दाबले.

आवाज त्या पेनड्राइव्हवरच उतरायचा होता. आणि तो आप्पांच्या खिशात होता.

मंडळाच्या आठ वर्षांत बिनट्रॅकचे गाणे कोणी नोंदवले नव्हते, त्यामुळे नियमातली ही फट कोणाला दिसली नव्हती. माझा लाल दिवा लुकलुकू लागला. आप्पांनी दुरून लाल दिवा पाहिला आणि समाधानाने मान हलवली. बाईंनी पहिली ओळ सुरू केली.

मी घाबरलो. मित्रांनो, यंत्र घाबरले की काय करते? मी शिट्टी मारली. लांब, कर्कश शिट्टी. बाई दचकून थांबल्या. आप्पा धावत आले, दिव्याकडे न पाहता त्यांनी माझा कान पिळावा तशी कळ फिरवली आणि आवाज खाली आणला.

"म्हातारा व्हई गया तो," ते ओशाळून म्हणाले. "म्हना ताई, म्हना."

बाईंनी पुन्हा सुरुवात केली. आवाज घोगरा होता, कडांना झिजलेला. पण तो तुटला नाही. आईचे हाक मारायचे कडवे त्या गात होत्या. दिवस खाली गेला, शेळ्या आल्या, तू कुठवर आलीस? एकदा गायल्या. थांबल्या. दुसऱ्यांदा गायल्या. महामार्गावरून एक ट्रक गेला. तिसऱ्यांदा गायल्या.

तेव्हा मागच्या रांगेतून उत्तर आले. माइकशिवाय, बसल्या जागेवरून. कौसाबाई लेकीचे उत्तराचे कडवे गात होत्या. मोहाच्या झाडाखाली आले, अंगणातला दिवा दिसतो, दार लावू नको. पातळ, सरळ आवाज, टेकडीवरून टाकावा तसा. भाषा फार कोणाला कळली नाही. तरी जसोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. टाळ्या पडल्या नाहीत. हे गाणे टाळ्यांचे नव्हते.

आप्पांनी बटण बंद केले आणि पेनड्राइव्ह वाहकाच्या जुन्या चामडी पाकिटात घालून वीरसिंगांच्या हातात दिला. "जपी ठेव भाऊ. ताईना आवाज शे."

वीरसिंगांनी ते पाकीट छातीजवळच्या खिशात ठेवले आणि वरून हात दाबला.

त्यानंतरचे दिवस मी कोपऱ्यात कसे काढले ते सांगणे कठीण आहे. सोमवारी शस्त्रक्रिया झाली. मंगळवारी निरोप आला की गाठ निघाली. शनिवारी अहवाल आला की गाठ साधी होती, जिवाला धोका नाही. खाणावळीत जिलेबी वाटली गेली. पण आवाजाचे काय, ते कळले नव्हते. दहा दिवस एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचेसुद्धा नाही, असा हुकूम होता. बाई शाळेतली पाटी घेऊन गेल्या होत्या आणि तिच्यावर लिहून बोलत होत्या. गुरुवारी, ३० तारखेला सकाळी अकरा वाजता डॉक्टर त्यांना पहिल्यांदा बोलायला सांगणार होते. कौसाबाई विसरवाडीतच लेकीच्या घरी कोंबड्या सांभाळत थांबल्या होत्या.

जो तो म्हणायचा, "काही झालं तरी गाणं तर आहे." हे वाक्य खाणावळीत रोज चार वेळा तरी ऐकू येई. प्रत्येक वेळी माझी बॅटरी आतून तापे.

बुधवार, २९ जानेवारी. दुपारी चार वाजता वीरसिंगांचा फोन आला. आप्पांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"आप्पा, तिनं पाटीवर लिहिलंय. उद्या तोंड उघडायच्या आधी मला ते गाणं ऐकवा, असं. इथल्या एका पोरानं पेनड्राइव्ह मोबाइलला जोडून दिलाय. कितवं गाणं लावू?"

"शेवटनं. बारावं."

"अकराच आहेत."

"नीट देख भाऊ. बारा पाहिजेत."

"आप्पा, मी तीनदा मोजलं. अकरावं जसोदाबाईंचं आहे. त्याच्यापुढे काही नाही."

आप्पा उठून माझ्यासमोर आले. त्यांनी माझी पट्टी पाहिली, पेनड्राइव्हची रिकामी खाच पाहिली, नोंदीचे बटण दाबले. लाल दिवा लुकलुकला. या वेळी ते हातभर अंतरावर उभे होते. त्यांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. जसोदाबाईंना कळायला तेवढे पुरले.

"वीरसिंगभाऊ," आप्पा फोनमध्ये म्हणाले, "ते गाणं मन्हाकडे शे. येगळं ठेवेल शे. उद्या मीच लई येस."

फोन ठेवल्यावर ते पोत्यावर बसले. "जनमभर कोनाले चुकीचं तिकीट दिधं नई मी," ते म्हणाले. "आते दिधं."

संध्याकाळी ते मला ओढत कौसाबाईंकडे घेऊन गेले. आप्पांनी मोलगीच्या गाडीवर पुष्कळ वर्षे काढली आहेत, डोंगराची बोली त्यांना येते. ती दोघे त्या बोलीत बोलली. मी तुम्हाला मराठीत सांगतो. आप्पांनी काहीही न लपवता सगळे सांगितले. म्हाताऱ्या बाईने ऐकून घेतले आणि माझ्याकडे बोट केले.

"याने त्या दिवशी ओरडून सांगितलं होतं. तुम्ही त्याचं तोंड दाबलं."

आप्पांनी माझी कळ पुन्हा होती तिथे आणून ठेवली.

"त्या हाकेला उत्तर मिळालं होतं," कौसाबाई म्हणाल्या. "ती संपली. संपलेली हाक डब्यात ठेवून काय करता? आता लेक पुन्हा वाटेवर आहे. मला घेऊन चला. मी हाक मारते."

"आजी, हाक मारली की उत्तर द्यावं लागतं," आप्पा म्हणाले. "तिला आवाजच आला नाही तर?"

कौसाबाईंनी कोंबड्यांच्या डालग्यावर धोंडा ठेवला. "तर मी थांबणार नाही," त्या म्हणाल्या. "आमची रीत तुला माहीत आहे."

आप्पा रात्री झोपले नसावेत. पहाटे पाचला ते आले तेव्हा त्यांच्या हातात नवा पेनड्राइव्ह होता. त्यांनी तो खाचेत बसवला, नोंद सुरू केली, "हॅलो, हॅलो" म्हटले, थांबवले आणि परत वाजवून ऐकले. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा.

मित्रांनो, मला तुम्हाला एवढेच सांगायचे आहे. तुमच्या घरात कोणाचा आवाज असेल, आजोबांची हाक असेल, आईची ओवी असेल, तर ती जपली आहे असे नुसते समजू नका. त्याच दिवशी, त्याच जागी बसून एकदा परत ऐका. नियम पाळला म्हणून काम झाले असे होत नाही. आणि तुमच्याजवळची जुनी वस्तू एखाद्या दिवशी विनाकारण शिट्टी मारू लागली, तर तिचा कान पिळण्याआधी तिच्या दिव्याकडे बघा. म्हातारपणाखेरीज दुसरेही काही ती सांगत असेल.

आज गुरुवार, ३० जानेवारी. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. जीपने नवापूर मागे टाकले आहे. सुरत अजून अडीच तासांवर आहे. मी मागच्या सीटवर आप्पा आणि कौसाबाई यांच्या मध्ये उभा आहे. म्हातारीने माझा दांडा मुठीत धरला आहे. वीरसिंगांना अजून काही सांगितलेले नाही. बाईंची पाटी उशाशी असेल. डॉक्टर अकराला येणार आहेत. आवाज आहे की नाही, हे या घडीला कोणालाही माहीत नाही, खुद्द बाईंनाही नाही.

खाचेत पेनड्राइव्ह आहे. आप्पांनी आतापासूनच नोंद सुरू करून ठेवली आहे, आणि दर दोन मिनिटांनी ते वाकून बघतात. लाल दिवा स्थिर आहे. आतापर्यंत माझ्यात उतरला आहे तो फक्त जीपचा आवाज.